वेगाचे माप

चाकणच्या बाजारात कांद्याची गोणी ज्या काट्यावर चढते त्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो. शेतकऱ्याने अडत्याशी दराविषयी वाटेल तेवढी हुज्जत घालावी. पण किलो म्हणजे किती, ह्याविषयी त्या दोघांत वाद संभवत नाही. पेट्रोलपंपावर शंका आली तर गिऱ्हाइकाला पाच लिटरचे प्रमाणित माप मागून खात्री करून घेता येते. आणि भोसरी, आकुर्डी, चाकण ह्या पट्ट्यातील कारखान्यांत तर मापाची शिस्त बाजारापेक्षाही कडक. ड्रॉइंगवर एखाद्या दांड्याचा व्यास ‘२० मिलीमीटर, अधिक-उणे ०.०२’ असा दिलेला असला, तर १९.९७ चा दांडा परत जातो आणि २०.०३ चाही परत जातो. वरची मर्यादा आणि खालची मर्यादा अशा दोन्ही सांगितल्याखेरीज तेथे मापाला माप म्हणत नाहीत. ‘२० मिलीमीटरपर्यंत’ असे लिहिलेले ड्रॉइंग कोणी पाठविले, तर पाठविणाऱ्याच्या अकलेविषयीच कारखान्यात चर्चा होईल. कारण सुईची जाडीदेखील २० मिलीमीटरपर्यंतच असते.

ह्याच पट्ट्यात एक वस्तू मात्र दरमहा घरोघर ‘पर्यंत’ ह्या मापाने विकली जाते, आणि ती विकत घेणारांत दिवसभर मायक्रोमीटर हाताळणारे लोकही असतात. ती वस्तू म्हणजे इंटरनेटचा वेग. वाकड, पिंपळे सौदागर, मोशी ह्या बाजूंच्या नव्या इमारतींत राहावयास आलेल्या कुटुंबाला पाण्याच्या खालोखाल ह्या जोडणीची चिंता असते. फलकावर ‘१०० एमबीपीएसपर्यंत’, ‘३०० एमबीपीएसपर्यंत’ अशी अक्षरे झळकतात. आकडा हातभर उंच असतो. ‘पर्यंत’ हा शब्द मात्र चष्मा लावून शोधावा लागतो. व्यवहारात सारा भार असतो तो त्या बारीक शब्दावर. आकड्याने वचन द्यावयाचे आणि ‘पर्यंत’ने ते परत घ्यावयाचे, असा हा प्रकार आहे.

फसगतीचा पहिला धागा त्या आकड्यातच असतो. एमबीपीएस ह्या अक्षरांतील ‘बी’ म्हणजे बिट. आणि संगणकावरील चित्रे, चित्रपट, कागदपत्रे मोजली जातात ती बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. सबब १०० मेगाबिटांचा वेग पुरेपूर मिळाला तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात. ह्यात खोटे काही नाही. तारायंत्रापासून चालत आलेली दळणवळणाची मोजण्याची ती रीतच आहे. परंतु गिऱ्हाईक शंभराचा आकडा पाहून पैसे मोजतो आणि घरी साडेबाराचा आकडा पाहून चक्रावतो. समजूत घालावयास कोणी येत नाही, कारण गैरसमज विक्रेत्याच्या पथ्यावरच पडलेला असतो.

दुसरा धागा वाटणीचा. घरगुती ब्रॉडबँड ही एका घरासाठी राखून ठेवलेली वाट नसते. एकच मोठी वाट अनेक घरांत वाटून दिलेली असते. ही वाटणी मूलतः गैर नव्हे. सगळे शेजारी एकाच क्षणी नळ सोडीत नाहीत, ह्या भरवशावर इमारतीच्या गच्चीवरील टाकी बांधलेली असते. तद्वतच हे आहे. चाकणचे मोठे मोटार कारखाने संपूर्णपणे स्वतःपुरती राखलेली लीज्ड लाइन घेतात, परंतु तिचे भाडे घरगुती जोडणीच्या कितीतरी पट असते. सर्वांना तशीच वाट द्यावयाची म्हटले तर सामान्य गृहस्थाला ती परवडावयाची नाही. प्रश्न एवढाच की, टाकी केवढी आणि बिऱ्हाडे किती? भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००९ साली ह्यासाठी मार्गदर्शक प्रमाण घालून दिले: घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नास, व्यावसायिक ग्राहकांसाठी एकास तीस. १०० मेगाबिटांच्या वाटेवर पन्नास घरे एकदम बसली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन मेगाबिट येतात. अर्थात पन्नासही घरे एकदम बसत नाहीत. पण रात्री नऊ वाजता बरीचशी बसतात, आणि गिऱ्हाइकाला वेग हवा असतो तोही रात्री नऊ वाजताच. पहाटे चार वाजता शंभराचे शंभर मिळतात, हे सेवादात्याचे म्हणणे खरे असते. फक्त त्या वेळी घरातील माणसे झोपलेली असतात.

ह्यावर कायद्याचा अंकुश मुळीच नव्हता असे नाही. ट्रायच्या २००६ सालच्या गुणवत्ता नियमांत, विकलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग ग्राहकाला मिळाला पाहिजे, अशी अट होती. अट चांगली होती. परंतु ती वाचताना एक शब्दसमूह नजरेतून निसटू नये असा आहे. हे ८० टक्के मोजावयाचे होते ते सेवादात्याच्या केंद्रापासून ग्राहकाच्या घरापर्यंत. केंद्रापासून पुढे, म्हणजे जेथून खरोखर चित्रपट किंवा कार्यालयातील कागद यावयाचे असतात तेथपर्यंतची वाट, ह्या मोजणीत नव्हती. त्या पुढच्या वाटेसाठी वेगळा नियम होता: गर्दीच्या वेळी ती ८० टक्क्यांहून अधिक भरलेली असू नये. चिंचवडच्या घरापासून चिंचवडच्या केंद्रापर्यंत रस्ता मोकळा आहे, एवढ्याने मुंबई गाठली असे होत नाही. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या कोणत्याही प्रवाशाला हे सांगावयाची गरज पडू नये. वेग मोजून दाखविणारी पुष्कळ साधनेही ह्याच मर्यादेतील असतात. मोजणीचे यंत्र सेवादात्याच्याच जाळ्यात बसविलेले असले, तर काटा हवा तसा वर चढतो आणि दूरच्या ठिकाणाहून येणारे चित्र मात्र अडखळतच राहते. पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून गुणवत्तेचे नवे नियम लागू झाले आणि जुन्यांची जागा त्यांनी घेतली.

येथवर झाला तो गर्दीने येणाऱ्या मंदपणाचा विचार. ह्याहून निराळा आहे तो हेतुपुरस्सर आणलेला मंदपणा. ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या योजनेच्या तळाशी ‘न्याय्य वापर धोरण’ नावाचे एक कलम असते. नाव मोठे सात्त्विक आहे. अर्थ असा की, महिन्याची अमुक इतकी मर्यादा ओलांडली की वेग खाली आणला जाईल. पुष्कळ घरगुती योजनांत ही मर्यादा ३३०० गिगाबाइटांची असते व साधारण कुटुंब ती सहसा गाठीत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु पूर्वी ती पुष्कळच तोकडी असे, आणि त्या काळात वेग कोठवर घसरावा ह्यालाच धरबंध नव्हता. ट्रायने २०१२ साली ह्याबाबत प्रथम आदेश काढले. आणि ३१ ऑक्टोबर २०१६ च्या आदेशाने, मर्यादेनंतरही वेग ५१२ किलोबिटांच्या खाली जाऊ नये असे ठरविले. किती वापरापर्यंत कोणता वेग, आणि त्यानंतर कोणता, हे जाहिरातीत व संकेतस्थळावर स्पष्ट सांगावे, असेही त्यात होते. ५१२ किलोबिट म्हणजे काय ते हिशेबाने पाहावे. ७०० मेगाबाइटांचा चित्रपट १०० मेगाबिटांच्या वेगाने ५६ सेकंदांत उतरतो. ५१२ किलोबिटांच्या वेगाने त्याला तीन तास लागतात. तीन तासांत पुणे-मुंबई प्रवास होतो.

मोबाइलची कथा ह्याहून विलक्षण. अनेक योजनांत दिवसाचा वाटा संपला की वेग ६४ किलोबिटांवर येतो, आणि तरीही जाहिरातीतले ‘अमर्याद’ कायम राहते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून मिळणारा वेग ९.६ किलोबिटांचा होता. आजचा ‘अमर्याद’ वेग त्याच्या सातपटही नाही; आणि मधल्या काळात एकेका पानाचे वजन मात्र कितीतरी पटींनी वाढलेले आहे. सरकारी व्याख्येकडे पाहिले तर हा विनोद अधिकच स्पष्ट होतो. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट, २०१३ साली ते ५१२ किलोबिट, आणि जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने किमान २ मेगाबिट असे ठरले. तीनही व्याख्यांत ‘किमान’ हा शब्द आहे. सरकार तळ सांगते, जाहिरात छत सांगते. आणि गिऱ्हाईक त्या दोहोंच्या मधल्या मजल्यावर कोठेतरी राहतो.

भोसरीतील एखादा लघुउद्योजक डोळ्यांपुढे आणला म्हणजे ह्यात काय पणाला लागले आहे ते कळते. गाळ्यात चार-सहा यंत्रे, काम मोठ्या कारखान्याच्या पुरवठादाराचे. राखीव वाट त्याला परवडत नाही; तो घरगुती किंवा लहान व्यावसायिक जोडणी घेतो. जाहिरातीतील आकडा असतो तो बहुधा उतरवून घेण्याच्या वेगाचा. त्याला तर ड्रॉइंगे, तपासणीचे अहवाल, साच्यांची त्रिमितीय चित्रे वर पाठवावयाची असतात. काही योजनांत वर चढविण्याचा वेग उतरवण्याच्या वेगाचा लहानसा अंशच असतो, आणि फलकावर त्याचा उल्लेख नसतो. ५०० मेगाबाइटांचा गठ्ठा १० मेगाबिटांच्या वेगाने पावणेसात मिनिटांत जातो. वेग एकावर आला तर त्याच गठ्ठ्याला एक तास सात मिनिटे लागतात. चाकणच्या कारखान्यात माल वेळेवर पोचण्याची घटका ठरलेली असते. ती चुकली तर दोष पुरवठादाराचा मानला जातो, ‘पर्यंत’ ह्या शब्दाचा नव्हे. आणि हाच मनुष्य आपल्या दांड्याचा व्यास दोन शतांश मिलीमीटरने हुकला तर निमूटपणे माल परत घेतो! एका बाजूने त्याच्याकडून अधिक-उणेचे माप घेतले जाते. दुसऱ्या बाजूने त्याला नुसते ‘पर्यंत’ दिले जाते.

वेग कमी करणे हे सर्वथा निंद्य, असे मात्र म्हणता येणार नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हिंजवडीची कार्यालये एका आठवड्यात वाकड-रहाटणीच्या दिवाणखान्यांत आली. मुलांचे वर्गही तेथेच भरू लागले. त्या वेळी देशातील चित्रपट व मालिका दाखविणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन मोबाइलवरील चित्रांची प्रत काही काळ उतरविली व जाळ्यावरील ताण हलका केला. काय करणार, का करणार, केव्हापर्यंत करणार, हे त्यांनी उघड सांगितले. आणि कोणीही फसवणुकीचा आरोप केला नाही. तसेच जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील तारा तुटल्या तेव्हा भारतातील निम्म्याच्या आसपास वाहतूक कोलमडली. त्याचा बोल गल्लीतील केबलवाल्याला लावणे अन्यायाचे झाले असते. आक्षेप आहे तो चोरून केलेल्या मंदपणाला, आणि न दिलेल्या वेगाचे पैसे घेण्याला.

एकाला मंद करून दुसऱ्याला वेग विकणे हा ह्यातील आणखी सूक्ष्म प्रकार. २०१५ च्या एप्रिलमध्ये, इंटरनेटवरील सर्व ठिकाणांना सारखीच वागणूक मिळावी ह्यासाठी दहा लाखांहून अधिक लोकांनी ट्रायकडे ईमेल पाठविले. इतक्या नीरस विषयावर एवढ्या पत्रांचा पाऊस क्वचितच पडला असेल. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने ठिकाणानुसार वेगवेगळे दर आकारण्यास बंदी केली. आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने, मजकूर अडविणे, मंद करणे किंवा एखाद्याला अग्रक्रम देणे हे परवान्याच्या अटींनुसार निषिद्ध ठरविण्यास मान्यता दिली. वाजवी वाहतूक-व्यवस्थापनाला त्यात सूट आहे, आणि ‘वाजवी’ ह्या शब्दावर पुढे वकिलांचे संसार चालतील. परंतु ही बंदी ठिकाणाठिकाणांतील भेदाला झाली. गिऱ्हाइकागिऱ्हाइकांतील भेदाचे काय? जुलै २०२० मध्ये हा प्रश्न उभा राहिला. एअरटेलच्या ‘प्लॅटिनम’ व व्होडाफोन आयडियाच्या ‘रेडएक्स’ ह्या महाग योजनांत अधिक पैसे देणाराला अधिक वेगाचे किंवा अग्रक्रमाचे आश्वासन होते. ट्रायने दोन्ही योजना रोखून धरल्या. व्होडाफोन आयडियाने न्यायाधिकरणाकडून अंतरिम दिलासा मिळविला. पण ऑगस्टमध्ये ट्रायने त्या कंपनीला, योजनेतील वेगाचा दावा पारदर्शक नाही व दिशाभूल करणारा आहे, अशी कारणे दाखवा नोटीस दिली. ट्रायची शंका अगदी साध्या बुद्धीची होती: रस्ता तेवढाच असताना एकाची गाडी पुढे काढावयाची, तर मागे कोण राहणार?

जाहिरातदारांची स्वतःची पंचायतही आहे. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था १९८५ साली स्थापन झाली व तिचे कार्यालय मुंबईत आहे. एअरटेलच्या ‘फोर-जी चॅलेंज’ ह्या जाहिरातीला तिने २०१५ साली दिशाभूल करणारी ठरविले. आणि ‘अधिकृतपणे सर्वांत वेगवान’ ह्या दाव्याबाबत २०१७ साली, प्रतिस्पर्धी जिओच्या तक्रारीवरून, तसाच निर्णय दिला. ह्या दोन प्रकरणांत एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. वाद होता तो कोण अधिक वेगवान ह्याचा. एका कंपनीची दुसरीशी तुलना. गिऱ्हाइकाच्या घरात संध्याकाळी प्रत्यक्ष किती पोचते, हा प्रश्न त्या वादात कोणाच्याच पटावर नव्हता.

तो प्रश्न पटावर मांडला ब्रिटनने. तेथील जाहिरात नियमांत पूर्वी, दहा टक्के ग्राहकांना एखादा वेग मिळत असला तरी तो ‘पर्यंत’ म्हणून जाहीर करता येई. म्हणजे नव्वद जणांनी तो कधी न पाहिला तरी चाले. मे २०१८ पासून नियम पालटला: रात्री आठ ते दहा ह्या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना जो वेग मिळतो तोच जाहिरातीत द्यावयाचा. पुष्कळ कंपन्यांना आपले आकडे खाली आणावे लागले. तारा त्याच, यंत्रे तीच. उतरले ते फक्त फलकावरचे शब्द. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या जोडण्या दोन गिगाबाइट इतक्या अल्प वापरानंतरही मंद केल्या, असा तेथील फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. पस्तीस लाखांहून अधिक ग्राहकांचा तो प्रश्न होता. २०१९ साली कंपनीने ६ कोटी डॉलर देऊन तो मिटविला. आपल्याकडे ‘पर्यंत’ला अशी वेळेची व टक्क्यांची वेसण घातली गेली तर चाकणच्या काट्यावरील शिक्क्यासारखे काहीतरी ह्या धंद्यातही आले असे म्हणता येईल.

तोवर कायद्याने दिलेली साधने अगदीच बोथट नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ साली झाला, आणि त्याखाली २०२० साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ते दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. (येथेही ‘पर्यंत’ आहेच, पण निदान तो दुसऱ्या पक्षाला लागणारा आहे.) ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले आहे की, खोट्या दाव्याची दुरुस्ती तळटिपेने करता येणार नाही, आणि तळटीप दाव्याच्याच भाषेत असली पाहिजे. मराठी फलकावर मराठीतून ‘अमर्याद’ लिहावयाचे आणि मर्यादा तेवढी इंग्रजी बारीक अक्षरांत छापावयाची, हे ह्या सूचनांना धरून नाही.

तक्रारीला जाण्यापूर्वी घरातील एक गोष्ट तपासून घेणे इष्ट. पुष्कळदा वेग मरतो तो दिवाणखान्यातल्या वायफाय पेटीपासून शेवटच्या खोलीपर्यंतच्या दोन सिमेंटच्या भिंतींत. त्याचा दोष सेवादात्याकडे जात नाही. म्हणून मोजणी करावयाची ती संगणक तारेने पेटीला जोडून, इतर उपकरणे बंद ठेवून. आणि एकदा नव्हे, आठवडाभर, सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला. मोबाइलसाठी ट्रायने २०१६ साली ‘मायस्पीड’ हे साधन उपलब्ध करून दिले. नवी जोडणी घेताना विक्रेत्याला विचारावयाचे प्रश्न थोडेच आहेत: रात्री नऊला किमान किती, वर चढविण्याचा वेग किती, मर्यादा किती गिगाबाइटांची, आणि ती संपल्यावर किती. उत्तर तोंडी नको, ईमेलवर किंवा कागदावर हवे. इमारतीत एकाच सेवादात्याला शिरकाव दिला असेल तर विक्रेता ह्या प्रश्नांना फारसा बधत नाही. आणि तो करार बहुधा गृहसंस्थेच्याच कार्यकारिणीने किंवा बिल्डरने केलेला असतो, ही गोष्ट सभासदांनी वार्षिक सभेत विचारण्यासारखी आहे.

कंपनीकडे दाद मागण्याच्या दोन पायऱ्या २०१२ च्या नियमांनी ठरवून दिल्या: प्रथम तक्रार केंद्र, तेथे समाधान न झाल्यास कंपनीचेच अपील प्राधिकरण. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार चालवीत नाही, हे ठाऊक नसल्यामुळे कित्येकांचे महिने फुकट जातात. त्यापुढची वाट मात्र मध्यंतरी जवळजवळ बंद होती. २००९ च्या एका निकालामुळे टेलिफोनविषयक तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असे मानले जाई. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाविरुद्धच्या एका प्रकरणात, दूरसंचार कंपनीविरुद्धची तक्रारही ग्राहक मंचापुढे चालू शकते, असा निर्णय दिला. त्यामुळे पिंपरी-चिंचवडच्या ग्राहकाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. जाताना त्याच्या हाती तीन कागद असले म्हणजे पुरे: जाहिरात किंवा लेखी उत्तर, आठवडाभराच्या मोजणीचा तक्ता, आणि त्या महिन्याचे भरलेले बिल.